उत्तर येईपर्यंतचे १४ सेकंद

गेल्या वसुबारसेला साताऱ्याच्या घरी आम्ही सगळी भावंडं जमलो होतो. स्वयंपाकघरात ताई चकल्या तळत होती, बाबा सोफ्यावर आडवे झाले होते, आजी वाती वळत बसली होती. भाच्यानं मोबाइल टीव्हीला जोडला आणि 'कौन बनेगा करोडपती'च्या पहिल्या पर्वातली एक क्लिप लावली. धून वाजली मात्र, ताई झारा हातात घेऊनच बाहेर आली. बाबा उठून बसले. आजीनं "अगं बाई, बच्चन!" म्हणत चष्मा शोधायला घेतला. माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करतो.

दहा मिनिटांनी ताई परत कढईपाशी, बाबा परत आडवे आणि मी मोबाइलमध्ये. क्लिप साधीसुधी नव्हती. हर्षवर्धन नवाथे एक कोटी जिंकतात, तीच होती. २००० साली ज्या कार्यक्रमापायी आम्ही गृहपाठ, जेवण आणि एकदा तर दारात आलेले पाहुणेसुद्धा ताटकळत ठेवले, तो आम्हाला पाव तासही धरून ठेवू शकला नाही.

"एवढं भारी होतं म्हणता, मग बघत का नाही?" भाच्यानं विचारलं. उत्तर द्यायला मला पुढचे दोन महिने लागले, आणि ते शोधायला निघालो तर आधी गाठ पडली ती स्विस सैनिकांशी.

आपण सर्रास वापरतो तो 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द मुळात एका आजाराचं नाव आहे. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या तरुण वैद्यकीय विद्यार्थ्यानं बासेलमध्ये प्रबंध लिहिला. ग्रीकमधले 'घरी परतणं' आणि 'वेदना' हे दोन शब्द जोडून त्यानं हे नाव घडवलं. पगारासाठी परमुलखात लढायला गेलेले स्विस सैनिक घराच्या ओढीनं खंगत, त्यांची अन्नावरची वासना उडे, झोप जाई. कारणं शोधताना त्या काळच्या डॉक्टरांनी चांगल्याच उड्या मारल्या. कुणी म्हणालं, लहानपणापासून गाईंच्या गळ्यातल्या घंटा ऐकून यांच्या कानाला आणि मेंदूला इजा झाली आहे. योहान शॉइख्त्सर या शास्त्रज्ञानं दोष हवेच्या दाबावर ढकलला. डोंगरावरची माणसं खाली सपाटीवर आली की दाब वाढतो, रक्ताभिसरण बिघडतं, असं त्याचं म्हणणं. साताऱ्यात बसून हे वाचताना हसू येतं. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, पिढ्यान् पिढ्या घराघरातून माणूस फौजेत जातो. घराची ओढ म्हणजे काय, हे तिथल्या कुठल्याही आजीला विचारा. हवेचा दाब मोजायला लागणार नाही.

पण त्या स्विस कथेतला एक तपशील मला सोडवेना. गुराखी गाई वळवताना जी धून वाजवत, ती छावणीत वाजवायला बंदी होती म्हणतात. ती कानावर पडली की सैनिकांचा धीर सुटे. मी थबकलो. आमच्या घरीही काम केलं होतं ते धुनेनंच. कार्यक्रमानं नव्हे.

यापुढचा धागाही स्वित्झर्लंडमध्येच सापडतो. फ्रीबुर्ग विद्यापीठात वोल्फ्राम शुल्त्स माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशींचा अभ्यास करत होते. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी जोरात पेटत. मग रसाच्या आधी दरवेळी एक खूण, दिव्याची किंवा आवाजाची, देऊन पाहिली. काही दिवसांनी गंमत झाली. पेशी खूण दिसताच पेटू लागल्या आणि रस मिळाला तेव्हा ढिम्म राहिल्या. रस तोच, तेवढाच गोड. पण तो येणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे मेंदूच्या लेखी त्यात बातमी उरली नव्हती. खूण देऊन रस दिलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी पेशी नेहमीपेक्षाही शांत होत. म्हणजे या पेशी 'मजा' मोजत नाहीत. अपेक्षा किती होती आणि हाती काय आलं, यातला फरक मोजतात.

माकडाच्या प्रयोगावरून आमच्या दिवाणखान्यावर उडी मारणं थोडं धाडसाचं आहे, हे जाणूनच पुढचं लिहितो. धून ही खूण होती. २००० च्या त्या पावसाळ्यात, ३ जुलैपासून, सोमवार ते गुरुवार रात्री नऊ वाजता ती वाजायची आणि तिच्यामागून काय येईल हे कुणालाच माहीत नसायचं. खूण अजून शाबूत आहे, म्हणून ताई झारा घेऊन धावली. पण नवाथे जिंकतात हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा राज्यघटना कुणाला देते, या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ॲटर्नी जनरल, हेही बाबांना पाठ आहे. फरक शून्य, तर बातमीही शून्य.

ज्यांनी हा खेळ रचला, त्यांना ही नस पक्की सापडली होती. मूळ ब्रिटिश कार्यक्रम १९९८ चा. त्याचं संगीत कीथ आणि मॅथ्यू स्ट्रॅचन या बापलेकांचं. रक्कम मोठी होत जाते तसं प्रश्नामागचं संगीत प्रत्येक प्रश्नाला अर्ध्या स्वरानं वर सरकतं. पेटीवर बोट ठेवून पाहा. पांढरी एकवरून काळी एक, तिथून पांढरी दोन. एकेक पट्टी चढताना कानाला कळतही नाही, पण पोटात गोळा येतो. आणि मग ते "लॉक किया जाए?" आणि ती लांबलचक शांतता. जाहिरात लागली की शेजारच्या काकू पदरानं घाम टिपत म्हणायच्या, "मेल्यानं बरोब्बर इथंच थांबवलं की!"

शुल्त्स यांच्या गटानं २००३ साली आणखी एक प्रयोग छापला. या वेळी खूण दाखवल्यावर रस मिळेलच असं नव्हतं. कधी मिळण्याची खात्री, कधी न मिळण्याची, कधी अधलीमधली शक्यता. खात्री असे तेव्हा मधल्या वेळात पेशी गप्प. पण शक्यता निम्मी-निम्मी असली, की खुणेपासून निकालापर्यंत त्यांची लगबग चढत जायची. फिफ्टी-फिफ्टी! चारांतले दोन पर्याय पुसून खेळाडूला बरोबर त्याच काठावर आणून उभं करायची युक्ती या खेळात आधीपासून होतीच.

हे झालं धुनेचं. पण मला त्या दिवसांतलं आणखी काही आठवतं, आणि त्याचा खेळाशी काही संबंध नाही. केबल फक्त शेजारच्या काकूंकडे होती. आमच्या मंगळवार पेठेतल्या बहुतेक छपरांवर तेव्हाही साधी अँटेना होती आणि तिचं तोंड अजिंक्यताऱ्यावरच्या दूरदर्शनच्या टॉवरकडे. साडेआठला जेवण उरकून आम्ही काकूंकडे जायचो. त्यांच्या जमिनीवरची ती शहाबादी, पाठीला टोचणारी शिलाई मशिनची कड, कपाटातून येणारा डांबराच्या गोळ्यांचा वास, काकांनी राजवाड्यावरून आणलेल्या कंदी पेढ्यांचा डबा आणि तो उघडायचा की नाही यावरून चाललेली कुजबुज. मी अजून ती खोली रेखाटून देईन. प्रश्न मात्र एक-दोनच आठवतात.

असं का व्हावं? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या मथियास ग्रूबर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली केलेला प्रयोग वाचला आणि मी चक्क खुर्चीतून उठलो. त्यांनी लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारले. प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराची किती उत्सुकता आहे, हे आधी नोंदवून घेतलं. मग एमआरआय यंत्रात झोपवून प्रश्न दाखवायचा आणि उत्तरासाठी १४ सेकंद ताटकळत ठेवायचं. त्या मधल्या वेळात पडद्यावर एक अनोळखी चेहरा यायचा. प्रश्नाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. नंतर परीक्षा घेतली तेव्हा उत्सुकता असलेल्या प्रश्नांची उत्तरं जास्त लक्षात राहिली होती. यात नवल नाही. नवल पुढे आहे. त्या उत्सुक क्षणांत दिसलेले ते असंबद्ध चेहरेसुद्धा लोकांना जास्त लक्षात राहिले होते. एक दिवसानं विचारलं तरी फरक टिकून होता. उत्सुकता चाळवली की मेंदूतला डोपामिनचा भाग आणि आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस यांचं सूत जुळतं, आणि मग दार उघडंच असल्यामुळे जे काही आसपास असेल तेही आत शिरतं.

प्रयोग एका दिवसापुरता होता, आणि मी पंचवीस वर्षांपूर्वीच्या पेढ्यांच्या डब्याबद्दल बोलतोय. तरी मला वाटतं, आमचं काहीसं असंच झालं. आम्ही उत्तराची वाट पाहत होतो आणि मेंदू खोली टिपत होता. वर्षभर आठवड्यातून चार रात्री, दर रात्री दहा-बारा वेळा. मालिकेत वाट पाहायला लावतात ती दिवसाच्या शेवटी एकदा. बातम्यांत तेवढीही नाही. प्रश्न, ताटकळणं, उत्तर ही लय इतक्या वेळा, इतक्या माणसांच्या घोळक्यात घडवून आणणारी दुसरी गोष्ट टीव्हीवर शोधायची तर क्रिकेटकडेच जावं लागेल.

घोळक्याचं विशेष आहे. साउदम्प्टन विद्यापीठातल्या टिम विल्डशुट आणि कॉन्स्टंटिन सेडिकिडीस यांनी २००६ पासून या भावनेवर चिकाटीनं काम केलं आणि होफरचा 'आजार' जवळजवळ उलटा करून टाकला. लोकांनी लिहून दिलेल्या अशा आठवणींत माणूस सहसा एकटा नसतो, भोवती आपली माणसं असतात. एकटेपणा आला, मन खट्टू झालं की या आठवणी वर येतात आणि आल्यावर माणसाला आपण कुणाचे तरी आहोत असं वाटू लागतं. पुढे एका अभ्यासात थंड खोलीत बसलेल्यांना जुन्या दिवसांची आठवण जास्त आली, आणि ती आलेल्यांना खोली उबदार वाटली. पुण्याच्या भाड्याच्या खोलीत पहिल्या वर्षी मी तीच धून मोबाइलची रिंगटोन म्हणून ठेवली होती. साथीदार हसायचे. आता त्यांना पाठवायला माझ्याकडे शोधनिबंध आहे.

बाबांना हे सगळं पटत नाही. त्यांच्या मते १९८५ ला दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा 'क्विझ टाइम' आला, तीच खरी प्रश्नमंजूषा, नंतर नुसता पैशांचा तमाशा. गंमत अशी की करोडपतीमागेही बसूच होते, हे सांगितलं की ते विषय बदलतात. धाकट्या चुलतबहिणीला विचाराल तर २००४ ला सुरू झालेल्या 'होम मिनिस्टर'ला तोड नाही. पैठणी कुणाच्या अंगावर पडणार याचा ताण एक कोटींपेक्षा मोठा, असं ती गंभीरपणे सांगते. भांडण मिटणारं नाही. आयुष्यातल्या आठवणी वयानुसार मांडल्या तर साधारण दहा ते तीस या वर्षांत त्यांचा उंचवटा दिसतो, हे स्मृतीच्या अभ्यासकांना चांगलं ठाऊक आहे. बाबा १९८५ ला नुकते नोकरीला लागले होते, मी २००० ला सातवीत होतो. जो तो आपल्या उंचवट्यावर उभा राहून दुसऱ्याला खाली बघतोय, झालं.

आणि आठवण म्हणजे काही जपून ठेवलेली चित्रफीतही नव्हे. मला स्वच्छ आठवतं की नवाथे जिंकले त्या रात्री मी काकूंकडे होतो, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तेवढ्यात लाइट गेली. त्या वसुबारसेला हे सांगितलं तर ताई म्हणाली, "तू कुठं होतास? तू कराडला मामाकडं होतास की. लाइट गेली ती निराळ्या दिवशी." आजीनंही तिचीच बाजू घेतली. योगायोग बघा, त्याच २००० साली करीम नादेर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पक्की झालेली भीतीची आठवण जागी केली आणि लगेच मेंदूच्या त्या भागात प्रथिनं तयार होणं औषधानं थांबवलं, तर ती आठवण पुढे टिकली नाही. म्हणजे आठवण काढली की ती काही काळ कच्ची होते आणि पुन्हा नव्यानं बांधावी लागते. माझी ती रात्र मी इतक्यांदा इतक्यांना सांगितली आहे, की दोन-तीन रात्रींचं त्यात कधी बांधकाम झालं ते मलाच कळलं नाही. शिवाय कडू आठवणींची धार गोड आठवणींपेक्षा लवकर बोथट होते, हेही अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. डासांनी फोडून काढलेले पाय, रात्री दहाला अंधारात ठेचाळत घरी येणं, टीव्हीपायी खाल्लेला बाबांचा मार, यांतलं काही माझ्या गोष्टीत येत नाही. तेही ताईनंच आठवून दिलं.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर मी शेवटी शब्दांत दिलं नाही. संक्रांतीला परत सगळे जमलो, ताई गुळाच्या पोळ्या लाटत होती. मी एका जुन्या भागाची क्लिप शोधली, नवाथेंची नव्हे. खेळाडू कोण, किती जिंकला, कुणालाच आठवत नव्हतं. प्रश्न आला, चार पर्याय आले आणि मी क्लिप थांबवली. बाबा म्हणाले, "बी." आजी म्हणाली, "आवं नाय, डी हाय." भाच्यानं मोबाइल उचलला, तो मी काढून घेतला. चुलतबहीण ए वर शंभर रुपये लावायला तयार झाली. मी रिमोट उचलला तेवढ्यात आतून ताई ओरडली,

"थांब, दाबू नकोस! तव्यावर पोळी आहे. मी आल्याशिवाय दाबलंस तर बघ!"