पार्श्वभूमी : दोन नावं, एक काच

नळीने काच फुंकण्याची कला दोन हजार वर्षांची असली, तरी मोनिका गुगिसबर्ग आणि फिलिप बाल्डविन या स्विस-अमेरिकन जोडीच्या कामामागचा इतिहास गेल्या शतकातला आहे. १९१६-१७ मध्ये दक्षिण स्वीडनमधल्या ओरेफोर्सच्या कारखान्याने दोन चित्रकारांना नोकरीवर घेतलं. ते कागदावर रेखाटत आणि भट्टीवरचे कारागीर फुंकत. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात ही काच गाजली, पण नाव मुख्यतः चित्रकारांचं झालं.

याच्या अगदी उलटं घडलं ते १९६२ मध्ये, अमेरिकेतल्या टोलेडोला. संग्रहालयाच्या आवारातल्या गॅरेजमध्ये लहानशी भट्टी पेटवून दोन कार्यशाळा झाल्या आणि कारखान्याशिवायही कलावंताला काच फुंकता येते, हे तिथे दिसलं. त्यातून ‘स्टुडिओ ग्लास’ चळवळ फोफावली आणि तिच्यासोबत एक दंडकही रुजला : कल्पना ज्याची, हातही त्याचाच.

ही जोडी भेटली सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, ओरेफोर्सच्याच काचशाळेत. तो अमेरिकन, ती स्विस. १९८२ मध्ये दोघांनी लोझानजवळच्या नोंफू गावात स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि काम दोघांच्या नावाने बाहेर पडू लागलं. टोलेडोच्या दंडकात हे जोडनाव बसत नाही. मग यातलं त्याचं किती आणि तिचं किती, असा हिशेब मागितला जातो.

हा हिशेबच मुळात चुकीचा आहे. त्यांनी स्वीडनमध्ये आत्मसात केलेली ‘ओव्हरले’ पद्धत घ्या. एका नळीवर रंगीत काचेचा फुगा करून तो उघडायचा, त्याची वाटी बनवायची. मग दुसऱ्या नळीवरचा तापलेला गोळा नेमका त्या वाटीत उतरवून फुंकायचा. वाटी जास्त निवली तर जोड तडकतो, जास्त तापली तर आकार ढासळतो. एकाचा हात थबकला, तर दुसऱ्याचं कामही वाया जातं. अशी काच पुढे फिरत्या चाकावर, पाणी सोडत, बारीक खाचांनी कोरली जाते. ही इटलीची ‘बात्तूतो’ पद्धत. व्हेनिसजवळच्या मुरानोत ती १९४० च्या सुमारास नावारूपाला आली. वरचा थर जिथे कापला जातो, तिथे खालचा रंग उजळतो. फुंकणारा आणि कोरणारा असे दोन वेगळे कर्ते इथे दाखवायचे म्हटलं, तर ती वस्तूच नीट समजणार नाही.

गुंता खरा आहे तो दुसरीकडे. या जोडीने नामांकित काच कारखान्यांसाठी डिझाइनही केलं. तिथे फुंकणारे हात इतरांचे, म्हणजे १९१६ च्या चित्रकारांचीच जागा यांच्याकडे आली. या भागाची चर्चा फारच कमी होते.

२००१ मध्ये स्टुडिओ पॅरिसला गेला, २०१५ मध्ये वेल्सला. काम दरम्यान भांड्यांच्या आकारांकडून मोठ्या मांडणशिल्पांकडे सरकत गेलं. २०१८ मध्ये, पहिलं महायुद्ध संपल्याच्या शताब्दीनिमित्त, कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये त्यांची काचशिल्पं मांडली गेली, तीही दोघांच्याच नावाने.