भेगेतले पाणी आणि घाटातली दरड

जुलै २०१५ मध्ये मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून प्रवाशांचे बळी गेले. घाटातली अशी बातमी आली की ‘पावसात भिजून दगड जड होतात आणि निसटतात’ हे स्पष्टीकरण हमखास ऐकू येते. ते बरोबर नाही. घट्ट बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, पाणी जवळजवळ शोषतच नाही. पाणी साचते ते त्याच्या भेगांमध्ये.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून सह्याद्रीचा हा खडक तयार झाला. थंड होताना तो आक्रसला आणि त्याला उभ्या भेगा पडल्या. दोन कठीण थरांच्या मध्ये कुठे सच्छिद्र खडक, तर कुठे तांबड्या मातीसारखा मऊ थर असतो. तो आधी झिजतो, मग वरचा कठीण कातळ छज्जासारखा पुढे लोंबकळतो आणि त्याच्या पाठीमागे कड्याला समांतर उभी भेग रुंदावत जाते.

अशी एखादी ५ मीटर खोल भेग पावसाने काठोकाठ भरली आहे असे समजू. साचलेल्या पाण्याचा दाब केवळ खोलीवर अवलंबून असतो, हे आपण शाळेत शिकलेलो आहोत. भेगेच्या तोंडाशी दाब शून्य आणि तळाशी दर चौरस मीटरला ५ टन, म्हणून सरासरी अडीच टन. भेगेच्या दर मीटर लांबीमागे पाणी ५ चौरस मीटर कातळाला टेकलेले असते, म्हणजे बाहेरच्या दिशेने साडेबारा टनांचा रेटा बसतो. भेगेची रुंदी या हिशेबात कुठेच येत नाही. ती फक्त १ सेंटिमीटर असेल, तर हा रेटा देणारे पाणी भरते अवघे ५० लिटर, चार-पाच हंडे! शिवाय हेच पाणी कातळाच्या बुडाखाली शिरले, तर त्याला वर उचलू पाहते आणि ज्या घर्षणावर तो टिकून असतो तेच कमी करते. भेगेची वाट खाली माती किंवा मुळ्यांनी बुजली असेल, तर पाऊस थांबल्यावरही पाणी आतच राहते आणि कोरड्या दिवशी दगड येतो.

बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणे वाहण्याची प्रथा आहे आणि घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराची ती आठवण मला मोलाची वाटते. दरडीला मात्र देवाचा कोप म्हणू नये, कारण तसे म्हटले की भेग पाहायला कड्यावर कुणी चढत नाही.

दगड सुटण्याची शक्यता हा धोका झाला. त्या वेळी खाली माणसे असण्याची शक्यता आणि होणारी हानी धरली की ती जोखीम होते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या वाहतूक विभागाने विकसित केलेल्या पद्धतीत कड्याची उंची, दगडांचा आकार, पायथ्याच्या चराची उपयुक्तता, पाणी आणि पूर्वीच्या घटना यांना ३, ९, २७, ८१ असे तिपटीने वाढणारे गुण देतात आणि त्यांत वाहनांचाही हिशेब असतो. समजा, ३०० मीटर लांबीच्या कड्याखालून दिवसाला २४,००० वाहने ताशी ६० किलोमीटर वेगाने जातात. मग कोणत्याही क्षणी सरासरी ५ वाहने कड्याखाली असतात. वेग १० किलोमीटरवर आला की ती ३० होतात. कडा तोच, धोका तोच, पण जोखीम सहापट. म्हणून कड्याखाली वाहतूक कोंडी होऊ देणे ही साधी गैरसोय समजता येणार नाही.

जाळ्या लावल्या म्हणजे घाट सुरक्षित झाला, ही जाहिरातीची भाषा आहे. एक घनमीटर बेसाल्ट सुमारे २.८ टनांचा असतो. ३० मीटरवरून सरळ पडला तर तो ताशी सुमारे ८७ किलोमीटर वेगाने, ८०० किलोज्यूलहून अधिक ऊर्जा घेऊन खाली येतो. त्याहून कमी क्षमतेची जाळी तो फाडू शकतो. पावसाळ्याआधी कड्याच्या माथ्यावर जाऊन भेगा शोधणे, वरून येणारे पाणी चर खणून दुसरीकडे वळवणे आणि कातळात निचऱ्याची छिद्रे पाडणे ही कामे जाळीइतकी दिसत नाहीत, पण ५ मीटर भरलेली भेग अडीच मीटरवर आणली की साडेबारा टनांचा रेटा जेमतेम तीन टनांवर उतरतो.