खेळ उतरणे आणि जागा जाणे: बास्केटबॉलमधील दोन वेगळ्या गोष्टी

एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, तिशी ओलांडलेल्या एखाद्या मोठ्या खेळाडूचे गुण अचानक घटतात, तो प्रशिक्षकावर नाराज असल्याच्या बातम्या येऊ लागतात आणि चार महिन्यांत तो संघ सोडतो. अशा वेळी चाहते आणि समालोचक बहुधा एकच निदान करतात: तो संपला, पण मानायला तयार नाही. या निदानात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. पहिली म्हणजे खेळाडूचा खेळ उतरणे, अर्थात जे काल शरीराला जमत होते ते आज न जमणे. दुसरी म्हणजे आक्रमणातली त्याची जागा जाणे, अर्थात जमत असलेले करण्याची संधीच संघाच्या रचनेत कमी होणे. बाहेरून दोन्हींचा परिणाम सारखा दिसतो, कारण दोन्हींत सरासरी गुण खाली येतात. कारणे मात्र वेगळी आहेत, उपाय वेगळे आहेत, आणि खेळाडू व संघ यांच्यातला बेबनाव बहुतेक वेळा या दोहोंपैकी नेमके काय घडले आहे यावर एकमत न झाल्यानेच चिघळतो, असे माझे मत आहे.

जागा म्हणजे काय, हे आधी नीट पाहिले पाहिजे. मैदानावर एका संघाचे पाच खेळाडू असतात आणि चेंडू एकच. संघाचा प्रत्येक हल्ला कोणाच्या तरी हातून संपतो: कोणी शॉट घेतो, कोणाला फ्री थ्रो (प्रतिस्पर्ध्याच्या फाउलमुळे मिळणारे बिनविरोध शॉट) मिळतात, कोणी चेंडू गमावतो. एखादा खेळाडू मैदानावर असताना संघाचे किती टक्के हल्ले त्याच्या हातून संपतात, या मापाला ‘यूसेज रेट’ म्हणतात. पाच जणांत समान वाटणी झाली तर प्रत्येकाच्या वाट्याला २० टक्के येतात. आघाडीच्या खेळाडूचा वाटा ३० टक्क्यांच्या वर जातो. २०१६-१७च्या मोसमात रसेल वेस्टब्रुकचा वाटा सुमारे ४२ टक्के होता आणि तो विक्रम ठरला. सगळ्यांची बेरीज शंभरच्या पुढे जात नसल्याने, सवयीने ३० टक्के घेणारे तीन खेळाडू एका संघात आले तर कोणाचा तरी वाटा कापला जाणारच. ज्याचा वाटा कापला जातो त्याचे हात-पाय त्या दिवशी म्हातारे झालेले नसतात.

या दोन गोष्टी एकमेकींपासून किती स्वच्छ वेगळ्या होऊ शकतात, याचे मला ठाऊक असलेले सर्वांत चांगले उदाहरण भांडणाचे नाही. १९८५-८६च्या मोसमात लॉस एंजेलिस लेकर्सचा करीम अब्दुल-जब्बार ३८ वर्षांचा होता आणि सामन्यामागे २३.४ गुण मिळवत होता. पुढच्या मोसमात प्रशिक्षक पॅट रायली यांनी आक्रमणाची सूत्रे करीमकडून काढून मॅजिक जॉन्सनकडे दिली. करीमची सरासरी १७.५वर आली. एका वर्षात जवळपास सहा गुणांची घट, आणि तीही एकोणचाळीस वर्षांच्या माणसाची. हा उताराच आहे असे कोणालाही वाटेल. पण त्याच्या शॉट्सच्या यशाचे प्रमाण दोन्ही मोसमांत ५६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ तेवढेच राहिले. तो शॉट कमी घेत होता; घेतलेले शॉट पूर्वीसारखेच पडत होते. मॅजिकला त्या मोसमात सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला आणि लेकर्सने १९८७चे विजेतेपद जिंकले. खरा उतार त्यानंतर आला. १९८८-८९ या अखेरच्या मोसमात करीमची सरासरी १०.१ गुणांवर आणि शॉट्सचे यश ४८ टक्क्यांच्या खाली गेले. म्हणजे जागा आधी गेली आणि खेळ दोन वर्षांनी उतरला. क्रम असा होता म्हणूनच, माझ्या समजुतीप्रमाणे, तो बदल शांतपणे पार पडला: खेळ अजून शाबूत असताना जागा सोडायला सांगितल्यामुळे त्या सांगण्यात ‘तू संपलास’ हा अर्थ दडलेला नव्हता.

ॲलन आयव्हर्सनच्या बाबतीत हे सगळे बिघडले. ३ नोव्हेंबर २००८ रोजी, मोसम नुकताच सुरू झालेला असताना, डेन्व्हर नगेट्सने त्याला डेट्रॉइट पिस्टन्सकडे पाठवले आणि बदल्यात चॉन्सी बिलप्स व अँटोनिओ मॅकडाइस यांना घेतले. आयव्हर्सन तेव्हा ३३ वर्षांचा होता. आदल्या मोसमात तो डेन्व्हरचे सर्व ८२ सामने खेळला होता आणि त्याची सरासरी २६.४ गुणांची होती. डेट्रॉइटमध्ये ५४ सामन्यांत ती १७.४वर आली. वसंतापासून शरदापर्यंतच्या काही महिन्यांत शरीर नऊ गुणांनी म्हातारे होत नाही. गंभीर दुखापत झाली तरच ते घडते, आणि त्याच्या पाठीचे दुखणे मोसमाच्या उत्तरार्धात उपटले, त्याआधीच त्याची सरासरी खाली आलेली होती.

काय घडले होते ते डेट्रॉइटच्या रचनेकडे पाहिले की कळते. हा संघ २००४चा विजेता होता आणि २००३ ते २००८ अशी सलग सहा वर्षे आपल्या विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. त्यांचे आक्रमण चेंडू हातोहात फिरवण्यावर उभे होते. रिचर्ड हॅमिल्टन सहकाऱ्यांच्या आडोशाने सतत धावत राहायचा आणि नेमक्या क्षणी पास हातात आला की लगेच शॉट घ्यायचा. तो पास देण्यात बिलप्सचा हात बसलेला होता. आयव्हर्सनचा खेळ अगदी उलट्या पद्धतीचा. चेंडू आपल्याकडे ठेवायचा, समोरच्या बचावपटूला ड्रिबलने हलवायचे, गर्दीत घुसायचे आणि शॉट किंवा फ्री थ्रो मिळवायचा. त्याचा सर्वोत्तम मोसम २०००-०१. तेव्हा फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सकडून खेळताना ३१.१ गुणांच्या सरासरीने त्याने सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला आणि संघाला अंतिम फेरीत नेले. पण त्या मोसमातही त्याच्या शॉट्सचे यश ४२ टक्केच होते आणि तो सामन्यामागे पंचवीसहून अधिक शॉट घेत होता. डेट्रॉइटमध्येही त्याचे यश ४२ टक्क्यांच्या जवळच राहिले. फिलाडेल्फियातले प्रशिक्षक लॅरी ब्राउन यांनी त्याच्याभोवती बचावात पक्के आणि शॉटची फारशी अपेक्षा नसलेले खेळाडू उभे केले होते, कारण त्याच्या खेळाची ताकद शॉटच्या अचूकतेत कधीच नव्हती. प्रत्येक हल्ल्याचा भार एकट्याने वाहण्यात होती. भार काढून घेतला की त्याच्यापाशी संघाच्या उपयोगाचे फारसे काही उरत नव्हते. हे कठोर वाटेल, पण आयव्हर्सनवर प्रेम करणाऱ्या माणसालाही ते मान्य करावे लागते. मी त्याच्यावर प्रेम करतो आणि मला ते मान्य आहे.

प्रशिक्षक मायकेल करी यांनी आधी हॅमिल्टनला राखीव बाकावर बसवून पाहिले आणि आयव्हर्सन पाठीच्या दुखण्यातून परतल्यावर त्याला बाकावरून खेळवले. पुन्हा असे खेळण्यापेक्षा निवृत्त होणे पत्करेन, असे तो उघडपणे म्हणाला, आणि एप्रिल २००९ मध्ये संघाने त्याचा मोसम तिथेच संपवला. आदल्या वर्षी ५९ सामने जिंकलेला डेट्रॉइट त्या वर्षी ३९ जिंकून ४३ हरला आणि प्लेऑफच्या, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्याच फेरीत क्लीव्हलंडकडून ०-४ असा बाहेर पडला. बिलप्स मिळालेला डेन्व्हर ५४ सामने जिंकून पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत गेला. या निकालावरून आयव्हर्सन संपला होता असा निष्कर्ष तेव्हा सर्रास काढला गेला. निकालातून तो निघत नाही. एवढेच निघते की डेट्रॉइटच्या रचनेत त्याला जागा नव्हती आणि डेन्व्हरच्या रचनेत बिलप्सला होती. सलामीच्या फलंदाजाला सहाव्या क्रमांकावर पाठवले आणि त्याच्या धावा कमी झाल्या, तर त्याची नजर गेली असे आपण लगेच म्हणत नाही. बास्केटबॉलमध्ये फलंदाजीसारखा क्रम धावफलकावर लिहिलेला नसतो, म्हणून हा फरक डोळ्यांना दिसत नाही.

इथे आणखी एक गल्लत वाटेत येते, ती थोडक्यात सांगतो. पहिल्या पाचात नसणे आणि आक्रमणातला वाटा गमावणे हेही एक नव्हे. सॅन अँटोनिओ स्पर्सचा मानू जिनोबिली २००७-०८ मध्ये बाकावरून येऊन सामन्यामागे १९.५ गुण मिळवत होता आणि सामन्याच्या अखेरच्या मिनिटांत चेंडू त्याच्याच हाती असे. त्याचा मान बाकामुळे कमी झाला नाही, कारण त्याचे काम बदलले नव्हते. आयव्हर्सनच्या बाबतीत सारी चर्चा बाकाभोवती फिरली. प्रश्न मात्र मैदानावर उतरल्यानंतर त्याने काय करायचे याचा होता, आणि त्याचे उत्तर डेट्रॉइटकडे नव्हते.

कार्मेलो अँथनीचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण त्यात दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत होत्या. २०१२-१३ मध्ये न्यूयॉर्क निक्सकडून २८.७ गुणांच्या सरासरीने तो साऱ्या लीगमध्ये अव्वल ठरला होता. सप्टेंबर २०१७ मध्ये, ३३ वर्षांचा असताना, तो ओक्लाहोमा सिटी थंडरमध्ये गेला, तेव्हा तिथे वेस्टब्रुक आणि पॉल जॉर्ज आधीच होते. मोसमापूर्वीच्या पत्रकार परिषदेत बाकावरून खेळशील का असे विचारल्यावर तो हसला होता. त्याची सरासरी २२.४वरून १६.२वर आली. सामन्यामागचे शॉट सुमारे १९वरून १५वर आले. हा भाग जागेचा. वेस्टब्रुक चेंडू घेऊन घुसणार आणि कार्मेलो कोपऱ्यात किंवा तीन गुणांच्या कमानीबाहेर उभा राहून पासची वाट पाहणार, असे त्याचे नवे काम होते. बास्केटकडे पाठ करून बचावपटूला रेटत नेणे आणि पंधरा फुटांवरून अंगावर शॉट घेणे ही त्याची विद्या त्या कामात जवळजवळ लागतच नव्हती.

पण आकड्यांचा दुसरा भाग जागेच्या खात्यावर टाकता येत नाही. वाटा कमी झाला की शॉट सोपे व्हायला हवेत, कारण बचाव करणाऱ्यांचे लक्ष आता इतरांकडे असते. कार्मेलोच्या बाबतीत यश ४३ टक्क्यांवरून ४०.४वर घसरले, तोवरच्या त्याच्या कारकिर्दीतला हा नीचांक होता. फ्री थ्रो जवळपास निम्म्यावर आले. फ्री थ्रोंचा आकडा मी मुद्दाम पाहतो, कारण ते मिळवण्यासाठी बचावपटूला मागे टाकून बास्केटपर्यंत पोहोचावे लागते, आणि वय सर्वांत आधी तेच पाऊल हिरावून घेते. अर्थात कोपऱ्यात उभ्या असलेल्या खेळाडूला फ्री थ्रो कमीच मिळणार, म्हणून हा आकडा एकट्याने पुरावा होत नाही. मोकळे शॉट चुकण्याच्या जोडीने तो वाचला तरच उतार दिसू लागतो. यूटाविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेत त्याची सरासरी ११.८ होती, आणि पाचव्या सामन्यात थंडरने २५ गुणांची पिछाडी भरून काढली तेव्हा त्या पुनरागमनाच्या मोठ्या भागात तो बाकावर होता.

मालिका हरल्यावर तो दोन गोष्टी बोलला. एक, अशा प्रकारचा खेळाडू म्हणून आपण परिणामकारक ठरू असे आपल्याला वाटत नाही. दोन, बाकावरून खेळण्याचा प्रश्नच येत नाही. पहिले विधान जागेविषयी होते आणि मला ते प्रामाणिक वाटते. दुसरे उताराविषयी होते आणि त्यात तो चुकत होता. त्या दिवशीच्या चर्चेत दोन्ही विधाने एकाच हट्टाच्या माथी मारली गेली आणि त्यातले खरे ते हरवून गेले. त्याच वर्षी तो ह्यूस्टन रॉकेट्समध्ये गेला आणि अवघ्या दहा सामन्यांनंतर, नोव्हेंबर २०१८ मध्ये, संघाने त्याच्यापासून फारकत जाहीर केली. त्यानंतर सुमारे वर्षभर एकाही संघाने त्याला घेतले नाही. दहा सामन्यांवरून कोणाचाही उतार सिद्ध होत नाही, विशेषतः संघाचीच सुरुवात वाईट झालेली असताना. लीगने मात्र तो सिद्ध झाल्यासारखे वागणे पसंत केले.

नोव्हेंबर २०१९ मध्ये पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सने त्याला घेतले. तिथे पहिल्या मोसमात तो पहिल्या पाचात खेळला आणि त्याने १५.४ गुणांची सरासरी राखली. २०२०-२१ मध्ये ६९ सामन्यांपैकी केवळ ३ सामन्यांत तो सुरुवातीपासून खेळला, बाकी सगळे बाकावरून. तीन गुणांच्या शॉट्समध्ये त्याचे यश त्या मोसमात ४०.९ टक्के होते. पोर्टलंडने त्याला बाकावर नेले, पण मैदानावर आल्यावर त्याचे जुने काम थोड्या प्रमाणात परत दिले: राखीव खेळाडूंच्या गटात काही हल्ले त्याच्यासाठी आखले जात आणि बचावपटूला रेटत नेण्याची मुभा त्याला होती. खेळ उतरला होता, म्हणून मिनिटे कमी झाली. जागा मात्र त्याच्या खेळाला साजेशी मिळाली. ओक्लाहोमाने नेमके उलटे केले होते: मिनिटे भरपूर आणि पहिल्या पाचातले स्थान कायम, पण काम परके.

आयव्हर्सनला अशी तडजोड कोणी देऊ केली असती तर त्याने ती घेतली असती का, हे सांगता येत नाही. २००९च्या शरदात तो मेम्फिस ग्रिझलीजकडून तीन सामने खेळला, तिन्ही बाकावरून, आणि पुन्हा त्याच तक्रारीवर बाहेर पडला. मग काही आठवडे फिलाडेल्फियात परतला आणि फेब्रुवारी २०१० नंतर एनबीएमध्ये खेळला नाही. त्याचा खेळ तोवर किती उतरला होता हे आज कोणी छातीठोक सांगू लागले तर मी त्यावर विश्वास ठेवणार नाही, कारण ते तपासण्यासाठी लागणारी गोष्ट, त्याच्या खेळाला जुळणाऱ्या छोट्या जागेतला एक अख्खा मोसम, त्याच्या वाट्याला आलीच नाही.