ब्रसेल्सची हवा, टेक्सासचं पिंप

अमेरिकेतल्या छोट्या ब्रुअरींना बेल्जियमच्या आंबट बिअरचं वेड लागायच्या आधी बेल्जियमनेच त्या बिअरकडे पाठ फिरवली होती. हे ध्यानात घेतलं नाही, तर पुढे नावावरून जो वाद झाला त्याचा अर्थ लागत नाही.

१९०० च्या सुमारास या छोट्याशा देशात तीन हजारांहून जास्त ब्रुअरी होत्या. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने तांब्याची भांडी उचलून नेली आणि अनेकांचा धंदा तिथेच बसला. जे उरले त्यांना नितळ, थंडगार लागर या प्रकारच्या बिअरने हटवलं. लुवेन शहराची पीटरमन ही बिअर पुस्तकांपुरती उरली. हूगार्डनमधली गव्हाच्या बिअरची शेवटची ब्रुअरी १९५७ मध्ये बंद पडली. ती बिअर पुन्हा सुरू केली पियर सेलिस नावाच्या एका दूधवाल्याने, १९६६ मध्ये. हाच गृहस्थ पुढे टेक्सासमधल्या ऑस्टिनला गेला आणि १९९२ मध्ये तिथे त्याने स्वतःची ब्रुअरी काढली.

सगळ्यात हट्टी प्रकार मात्र लाम्बिक. ब्रसेल्सच्या नैर्ऋत्येला सेन नदीच्या खोऱ्यात ती बनते. मोड आणलेलं सातू आणि मोड न आणलेला गहू यांचा रस काढून, त्यात मुद्दाम जुने केलेले हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालून उकळतात. मग तो रुंद, उथळ भांड्यात रात्रभर उघडा ठेवतात. या भांड्याला कूलशिप म्हणतात. हे काम थंडीच्या महिन्यांतच चालतं. यीस्ट कुणी घालत नाही. आपल्याकडच्या माडीसारखी ती आपसूक आंबते. पुढे लाकडी पिंपात एक ते तीन वर्षं मुरते, आणि जुनी-नवी मिसळून बाटलीत भरली की ग्योझ होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही चव म्हाताऱ्यांची मानली जाई. खप होता तो साखर घातलेल्या, फळांच्या गोड प्रकारांना. १९७५ मध्ये फ्रँक बोनने लेम्बेकची एक जुनी ब्रुअरी घेतली. १९७८ मध्ये ब्रसेल्सच्या कांतियों ब्रुअरीने टिकून राहण्यासाठी स्वतःचंच संग्रहालय केलं.

योगायोग असा की त्याच १९७८ मध्ये अमेरिकेत घरी बिअर बनवण्यावरची केंद्रीय बंदी उठवणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांची सही झाली. पुढच्या पिढीतले कित्येक ब्रुअर या घरगुती प्रयोगांतूनच घडले. कसब मात्र थेट बेल्जियममधून आलं. तिथल्या रोडेनबाख ब्रुअरीत काम केलेला पीटर बुकार्ट १९९६ मध्ये कोलोराडोच्या न्यू बेल्जियम ब्रुअरीत रुजू झाला आणि तिथे लाकडात मुरवलेली 'ला फोली' ही आंबट बिअर तयार झाली.

मेन राज्यातल्या अ‍ॅलगॅश ब्रुअरीने २००७ मध्ये कूलशिपच बसवली. सेन खोऱ्याची हवा तिथे कुठून आणणार, ही शंका रास्त होती. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा अमेरिकन कूलशिप बिअरचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले: आधी आतड्यात सापडतात त्या कुळातले जिवाणू, मग नेहमीचं यीस्ट, मग आम्ल तयार करणारे जिवाणू आणि ब्रेटानोमायसिस हे रानटी यीस्ट, असा क्रम तिथेही लाम्बिकसारखाच लागतो. शिवाय हे सूक्ष्मजीव ब्रुअरीच्या वास्तूतच मुक्कामाला असतात. म्हणजे खोऱ्याच्या हवेचं माहात्म्य थोडं कमी झालं. मला तरी हे रोमँटिक कथांपेक्षा जास्त रंजक वाटतं.

मग प्रश्न उरला नावाचा. युरोपीय संघाने १९९७ मध्ये लाम्बिक, ग्योझ या नावांना संरक्षण दिलं, पण ते पद्धतीला, प्रदेशाला नाही. टेक्सासच्या जेस्टर किंग ब्रुअरीने तंतोतंत जुन्या रीतीने बिअर केली आणि २०१६ मध्ये तिच्यावर 'मेथोद ग्योझ' (ग्योझची पद्धत) असा शिक्का मारायचं ठरवलं, तेव्हा लाम्बिक बनवणाऱ्यांच्या होराल या संघटनेने हरकत घेतली. कांतियोंच्या जाँ व्हान रॉय यांच्याशी बोलणं झालं आणि 'मेथोद त्रादिस्योनेल' (पारंपरिक पद्धत) यावर तडजोड झाली. बेल्जियनांची हरकत मला योग्य वाटते: पडत्या काळात ज्यांनी ही पद्धत जगवली, त्यांच्याकडे नावाशिवाय दुसरं भांडवल फारसं नव्हतं.

अमेरिकेच्या दुकानात 'सावर' (आंबट) म्हणून बिअरचे जे डबे दिसतात, त्यांतल्या बहुतेकांचा या सगळ्याशी संबंध नसतो. उकळायच्या भांड्यातच लॅक्टोबॅसिलस हे आम्ल तयार करणारे जिवाणू सोडून एक-दोन दिवसांत आंबटपणा आणायचा, मग नेहमीचं यीस्ट घालायचं, की माल काही आठवड्यांत बाजारात.