विसरण-एमआरआय (प्राण्यांवरील संशोधनात)

ऊतींमधील पाण्याच्या रेणूंची स्वैर हालचाल, म्हणजेच विसरण, एमआरआयने मोजून तेथील सूक्ष्म रचना ताडण्याचे तंत्र. माणसांवरील चाचण्यांआधीच्या संशोधनात ते मुख्यतः उंदरांच्या मेंदूसाठी वापरतात.

३७° से. तापमानाला मोकळ्या पाण्याचा विसरण गुणांक (रेणू किती झपाट्याने पसरतात त्याचे माप) सेकंदाला सुमारे ०.००३ चौ. मिमी. असतो. मेंदूत तो साधारण चौथाईवर येतो, कारण पेशीपटले आणि तंतू पाण्याची वाट अडवतात. ५० मिलिसेकंदांत तेथील रेणू एका दिशेत सरासरी ८ मायक्रोमीटर सरकतो. त्यामुळे प्रतिमेतला एकेक ठोकळा १०० मायक्रोमीटरचा असला, तरी संकेतात पेशीच्या मापाची खूण उमटते.

मापनाची पद्धत स्टेज्स्कल आणि टॅनर यांची, १९६५ सालची. ग्रेडियंटचे, म्हणजे जागेनुसार बदलत जाणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचे, दोन स्पंद देतात. जागचे न हललेल्या रेणूंवर दुसरा स्पंद पहिल्याचा परिणाम पुसून टाकतो, हललेल्यांवर तो पुरता पुसला जात नाही आणि संकेत क्षीण होतो. मांजरांवरील १९९० सालच्या प्रयोगांत मेंदूचा रक्तपुरवठा तोडल्यावर या तंत्राने तासाभराच्या आत इजा दिसली. टी-२ या नेहमीच्या प्रकारच्या एमआरआय प्रतिमेत ती काही तास दिसेना. आज पक्षाघाताच्या तपासणीत हेच तंत्र रुळले आहे.

पांढऱ्या द्रव्यात (मेंदूतील चेतातंतूंच्या जुड्यांचा भाग) पाणी तंतूंच्या लांबीने सहज, आडवे मात्र अडखळत जाते. 'शिव्हरर' जातीच्या उंदरात मायलिन (तंतूंवरचे स्निग्ध वेष्टन) जवळजवळ नसते. त्याच्यात आडवे विसरण वाढलेले, लांबीचे जवळपास तेवढेच आढळले. यावरून आडवे विसरण म्हणजेच मायलिन असे समीकरण मांडण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. सूज आणि एकमेकांना छेदणारे तंतूही हेच आकडे हलवतात. प्राण्यांवरील कामाचा मोठा फायदा असा, की तोच मेंदू पुढे कापून सूक्ष्मदर्शकाखाली पडताळता येतो.

व्यवहारात निम्मी लढाई उंदराला स्थिर ठेवण्याची. दात व कान पट्टीत धरलेले, नाकाशी आयसोफ्लुरेन या भुलीच्या औषधाचा मुखवटा, श्वासाच्या तालावर मापन. भुलेत शरीर थंडावते, आणि तापमान एका अंशाने उतरले तरी विसरण सुमारे २ टक्क्यांनी घटते. आजाराचा परिणाम म्हणून तेच वाचले जाऊ शकते. फॉर्मॅलिनमध्ये टिकवलेल्या मेंदूत हालचालीची कटकट नसते, पण विसरण मंदावलेले असल्याने बी-मूल्य (स्पंदांची तीव्रता व कालावधी यांवरून ठरणारे विसरण-संवेदनेचे माप) बरेच वाढवावे लागते. असा मेंदू हायड्रोजनविरहित फ्लुओरिनयुक्त द्रवात बुडवतात आणि खाचांतले हवेचे बुडबुडे आधी काढतात; एखादा राहिला तरी आसपासची प्रतिमा वाकडी होते.