सवयीचा डास, सवयीचं ऊन

पोटात दुसरं बाळ, कडेवर दीड वर्षाचं पहिलं आणि मोबाइलमध्ये बालीची नाही तर फुकेतची तिकिटं. मुंबईत आता याचं कुणाला नवल वाटत नाही. धाकटं झालं की दोन वर्षं कुठे हलता यायचं नाही, तेव्हा आत्ताच जाऊन येऊ, हा हिशेबही तसा चुकीचा नाही. अशा वेळी ‘उष्ण कटिबंधातल्या देशात जाताना घ्यायची काळजी’ असलं काही वाचायला घेतलं की मुंबईकराला थोडं हसूच येतं. डास, दमट हवा, पाण्याची खात्री नाही, पोट बिघडतं. यातलं आपल्याला नवीन काय? मुंबई स्वतःच १९ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे उष्ण कटिबंधाच्या चांगली आत. असले सल्ले लंडन-टोरांटोवाल्यांसाठी, आपल्याला सवय आहे.

सवय असते, हे खरं. पण शरीर कशाची सवय करून घेतं आणि कशाची नाही याचे नियम काटेकोर आहेत. गरोदरपणात त्यातले काही बदलतात. आणि दीड वर्षाच्या पोराला तर अजून कसलीच सवय झालेली नसते.

आधी उन्हाचं बघू. उष्णतेची सवय ही मनाची समजूत नव्हे, शरीरात तसे बदल खरोखर होतात. रोज उकाड्यात वावरणाऱ्याला घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, त्यातून मीठ कमी जातं. हे व्हायला एक-दोन आठवडे लागतात आणि उष्णता टाळत राहिलं की काही आठवड्यांत ते ओसरतंही. घर, गाडी, ऑफिस, मॉल असं सगळं एसीत काढणाऱ्या मुंबईकराची सवय त्यामुळे बरीचशी पत्त्यापुरतीच. गरोदर बाईच्या अंगात रक्ताचं प्रमाण आधीच ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेलं असतं, हृदयावर त्याचा ताण असतो आणि पोटातल्या बाळाची उष्णताही तिच्याच शरीरातून बाहेर पडायची असते. २७ देशांतल्या ७० अभ्यासांचा एक एकत्रित आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला. तापमान एका अंशाने वाढलं की मुदतीआधी प्रसूती होण्याची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी वाढते, आणि उष्णतेच्या लाटेत ती वाढ १६ टक्क्यांपर्यंत जाते, असं त्यात दिसलं. घाबरून खोलीत बसावं इतका हा आकडा मोठा नाही. पण भर दुपारी देवळं बघत हिंडायचं नाही, एवढं ठरवायला पुरेसा आहे.

समुद्रकाठी आणखी एक घोळ असतो. घाम येऊन अंग गार होत नाही, घाम सुकला तर होतं. दमट हवेत तो सुकत नाही, नुसता ओघळतो. लहान मुलाच्या अंगाचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा असतो, त्यामुळे ते तापतंही झटकन. त्यात आपण प्रेमाने एक चूक करतो. मूल बाबागाडीत झोपलं की ऊन लागू नये म्हणून वरून ओढणी किंवा पातळ दुपटं टाकतो. आत वारा जाणं बंद होतं आणि गाडीचा छोटासा तंबू बाहेरच्यापेक्षा बराच तापतो. गाडी सावलीत न्यावी आणि कापड काढून टाकावं.

आता डास. इथे मात्र थोडं थांबायला हवं.

गरोदर बाई डासांना जास्त आवडते, ही आजीबाईंची समजूत वाटेल, पण ते मोजून पाहिलेलं आहे. २००० साली आफ्रिकेतल्या गाम्बियात झालेल्या अभ्यासात गरोदर स्त्रियांकडे मलेरियाचे डास इतर स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट आकर्षित झाले. त्या अभ्यासात गरोदरपणाच्या पुढच्या टप्प्यातल्या स्त्रियांचा उच्छ्वास २१ टक्के जास्त भरला आणि पोटाची त्वचा ०.७ अंशाने अधिक उबदार निघाली. डास माणूस शोधतो तो मुख्यतः उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि वास यांच्या मागावर. इथे त्यातल्या दोन खुणा ठळक झालेल्या.

मलेरियाचा परजीवी त्याहून हुशार निघाला. फाल्सिपेरम जातीचा परजीवी ज्या लाल पेशीत शिरतो, तिच्या पृष्ठभागावर स्वतःची चिकट प्रथिनं उभी करतो. त्यातलं एक प्रथिन नेमकं वारेतल्या एका रेणूला चिकटतं. गरोदर नसलेल्या शरीरात वारच नसते, त्यामुळे आयुष्यभर मलेरियाच्या प्रदेशात राहून थोडीफार प्रतिकारशक्ती कमावलेल्या बाईच्याही शरीराने हा प्रकार पूर्वी पाहिलेला नसतो. म्हणून मलेरियाग्रस्त भागांत पहिलटकरणीला त्रास जास्त होतो. अशा पेशी वारेत साठल्या की आईला रक्तक्षय होतो आणि बाळाचं वजन भरत नाही. मुंबईत राहून तर तेवढी अर्धीमुर्धी प्रतिकारशक्तीही मिळत नाही, कारण त्यासाठी मलेरिया पुन्हा पुन्हा व्हावा लागतो, आणि तो थांबला की तीही विरते. केनियाच्या जंगल सफारीवर हल्ली आपल्याकडून बरेच लोक जातात. तिथला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरमचाच. प्रतिबंधक गोळ्यांपैकी डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात चालत नाही, दुसऱ्या गोळीचा निर्णय डॉक्टरांचा. माझं मत विचाराल तर सफारी पुढल्या वर्षी करावी. सिंह कुठे जात नाहीत.

केनियासाठी पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) लशीचाही पेच आहे. ती जिवंत विषाणूची लस, त्यामुळे गरोदरपणात एरवी देत नाहीत. पीतज्वराच्या देशांतून परतणाऱ्याकडे भारत मात्र लशीचं प्रमाणपत्र मागतो. आपल्याकडे हा रोग नाही, पण तो पसरवणारा डास घराघरात आहे, म्हणून ही कडक शिस्त. नऊ महिन्यांपुढच्या मुलाला लस घेता येते, आईला वैद्यकीय सवलतीचं पत्र लागतं, आणि विमानतळावरचे प्रश्न वेगळेच.

तो घराघरातला डास म्हणजे एडिस. पायांवर पांढरे पट्टे, चावतो दिवसा, विशेषतः सकाळी आणि दिवेलागणीच्या आधी. महापालिकेचे कर्मचारी येऊन पिंपं, मनी प्लांटच्या बाटल्या, फ्रिजमागचा ट्रे तपासतात ते त्याच्यासाठी. स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. रिसॉर्टमध्ये हेच काम झाडाखाली पडलेल्या नारळाच्या करवंट्या आणि शोभेच्या कुंड्यांखालच्या बशा करतात.

एडिस डेंग्यू आणतो, आणि डेंग्यूच्या बाबतीत सवय चक्क उलटते. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्याच्यापुरतं कायमचं संरक्षण मिळतं, पण नंतर दुसरा प्रकार झाला तर जुनी प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) त्याला अडवण्याऐवजी पेशींत शिरायला मदत करू शकतात. म्हणून दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू गंभीर होण्याचा धोका अधिक. ‘मला एकदा होऊन गेलाय’ हे वाक्य इथे दिलाशाचं नाही.

झिका त्याच डासाचा. युगांडातल्या झिका जंगलात १९४७ साली एका माकडात हा विषाणू सापडला, पण त्याचं खरं रूप कळलं २०१५-१६ मध्ये ब्राझीलमध्ये, लहान डोक्याची बाळं जन्माला येऊ लागली तेव्हा. गरोदरपणात झिका झालेल्या स्त्रियांच्या बाळांपैकी ५ ते १५ टक्क्यांमध्ये त्याचे परिणाम दिसतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाचातल्या चार जणांना तर लक्षणंच नसतात. हा दूरचा आजार समजू नका. २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला महाराष्ट्रातला पहिला रुग्ण सापडला, आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरात सापडलेल्या रुग्णांत गरोदर स्त्रिया बऱ्याच होत्या. झिका शरीरसंबंधातूनही पसरतो आणि पुरुषाच्या वीर्यात दीर्घकाळ राहू शकतो. त्यामुळे नवरा एकटाच कामानिमित्त झिकाची साथ असलेल्या ठिकाणी जाऊन आला, तरी बाळंतपणापर्यंत निरोध वापरायचा. हा मुद्दा घरात कुणी काढत नाही, म्हणून इथे लिहिला.

बचाव साधा आहे, फक्त तो दिवसाही करायचा. डीट किंवा पिकारिडिन ही डास पळवणारी रसायनं असलेलं क्रीम गरोदरपणात चालतं, दोन महिन्यांवरच्या मुलालाही चालतं. मुलाच्या तळहातांना मात्र लावायचं नाही, कारण ते पुढच्या मिनिटाला तोंडात जातात. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वरून डासांचं क्रीम. लेमन युकॅलिप्टस, म्हणजे लिंबाच्या वासाच्या निलगिरीच्या अर्काचं उत्पादन ‘नैसर्गिक’ म्हणून घेतलं जातं, पण तीन वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये असं सांगतात. मनगटावरच्या रंगीत पट्ट्या शोभेच्या, त्यांनी डास हटत नाहीत. खरी गोम दुपारच्या झोपेची. रात्री आपण मच्छरदाणी आठवणीने लावतो आणि दुपारी पोर पंख्याखाली उघडं झोपवतो, एडिस जागा असताना. मच्छरदाणी दुपारीही लावावी आणि कडा गादीखाली खोचाव्यात.

पाण्याकडे येऊ. पूर्वी आपल्याकडे बहुतेकांना कावीळ ‘ए’ (हिपॅटायटिस ए) लहानपणीच नकळत होऊन जायची. फिल्टरच्या पाण्यावर वाढलेल्या पिढीत तसं राहिलेलं नाही. या काविळीवर निदान लस आहे आणि मुलाला वर्षाचं झाल्यावर ती देता येते. गरोदर बाईला खरं भय कावीळ ‘ई’चं. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेतून आलेलं दूषित पाणी नळांत शिरलं आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ती ‘ई’ होती हे पुष्कळ वर्षांनी, साठवलेले नमुने तपासल्यावर समजलं. एरवी हा आजार आपोआप बरा होतो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत झाला तर २० ते २५ टक्के स्त्रिया दगावू शकतात. म्हणून उकळलेलं किंवा सीलबंद पाणी, आणि बर्फ नको. हॉटेलच्या स्वागतपेयात बर्फ असतो, तो नाकारताना संकोच वाटतो, पण नाकारावा. समोर फोडलेलं शहाळं उत्तम, बर्फात न बुडवलेलं.

आणि मग पोराचं उष्टं. ताटात उरलेले चार घास टाकवत नाहीत, आई ते उभ्या-उभ्या खाऊन टाकते. दीड वर्षाच्या मुलाच्या लाळेत आणि शूत सायटोमेगॅलो नावाचा विषाणू महिनोन्‌महिने असू शकतो, तो पोटातल्या बाळाच्या ऐकण्याच्या शक्तीवर घाला घालू शकतो. आपल्याकडच्या बहुतेक स्त्रियांना तो आधीच होऊन गेलेला असतो, त्याने धोका पुष्कळ कमी होतो, संपत नाही. प्रवासात तर मूल तरणतलावाचं पाणी पितं, खेळघरातली खेळणी चाटतं आणि जुलाब घेऊन येतं. डायपर बदलल्यावर हात साबणाने धुवायचे. जुलाबाच्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही.

मुलाला जुलाब लागले तर सगळ्यात मोठं औषध ओआरएस, म्हणजे ठरलेल्या प्रमाणातलं साखर-मिठाचं पाणी. आतड्यात साखर आणि सोडियम एकमेकांच्या सोबतीने आत शोषले जातात आणि पाणी त्यांच्यामागोमाग जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी राहते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी सलाइन संपल्यावर हे पाणी पाजायला लावलं आणि पटकीचे (कॉलऱ्याचे) मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. साखर-मिठाचं प्रमाण ठरलेलं हवं, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पाकिटं मुंबईतूनच न्यावीत, पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात एक आख्खं पाकीट विरघळवावं. फळांच्या चवीची गोड पेयं हे काम करत नाहीत, साखर जास्त झाली तर जुलाब वाढतातच.

विमानाची भीती त्या मानाने फुकट वाहिली जाते. केबिनमधला दाब समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या आसपास असल्यासारखा असतो आणि गर्भाचं हिमोग्लोबिन कमी दाबातही ऑक्सिजन घट्ट धरतं. जपायचं ते पायांतल्या गुठळ्यांना. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, तेव्हा चार तासांपुढच्या प्रवासात उठून फिरावं, पाणी प्यावं, पट्टा पोटाखालून बांधावा. १४ ते २८ आठवड्यांचा काळ सोयीचा. २८ नंतर बऱ्याच कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात आणि ३६ नंतर बहुतेक जण घेत नाहीत. विमान उतरताना पोराला काहीतरी चोखायला द्यावं, त्याची कानाची नळी आखूड आणि आडवी असते.

परत आल्यावर ताप आला तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून घरी बसू नये. फाल्सिपेरम मलेरिया परतल्यावर काही आठवड्यांनीही दिसू शकतो, आणि कुठे गेलो होतो हे डॉक्टरांना आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. तोवर फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन आणि अॅस्पिरिनला हात लावू नये, कारण डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढतो, आणि विसाव्या आठवड्यानंतर आयबुप्रोफेन बाळाच्या मूत्रपिंडालाही बाधू शकतं. पोरालाही पॅरासिटामॉलच, वजनाप्रमाणे.