चेतातंतूंची पुनर्वाढ आणि प्रथिननिर्मितीचे नियंत्रण

हातापायांतील चेता, म्हणजे संदेश वाहणाऱ्या तंतूंची जुडी, तुटली, तर तिचे तंतू दिवसाला साधारण १ मिलीमीटर या गतीने पुन्हा वाढू शकतात. प्रौढ सस्तन प्राण्यांच्या मज्जारज्जूतील आणि दृक्‌चेतेतील तंतू मात्र जवळजवळ वाढत नाहीत. भोवतीचे वाढरोधक रेणू आणि जखमेचा व्रण याला जबाबदार आहेतच. पण चेतापेशी किती प्रथिने बनवू शकते, आणि कुठे, यालाही तितकेच महत्त्व आहे.

माणसाच्या पायापर्यंत जाणारा अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीचा लांब तंतू, जवळपास १ मीटर लांब असतो. प्रथिने फक्त पेशीकायेत, म्हणजे पेशीच्या केंद्रक असलेल्या मुख्य भागात, बनतात आणि तिथूनच तंतूत पोचतात, असे दीर्घकाळ मानले जाई. प्रत्यक्षात प्रथिनाची कृती जनुकाकडून आणणारा संदेशवाहक आरएनए आणि त्यावरून प्रथिन बनवणारे रायबोसोम तंतूतही असतात. एरवी त्यातील काही आरएनए जी३बीपी१ या प्रथिनाच्या कणिकांत अडकून राहतो. इजा झाल्यावर या कणिका विरघळतात आणि तो मोकळा होतो.

इस्राएलमधील वाइझमन संस्थेत मायकेल फेनझिल्बर यांच्या गटाने दाखवले, की जखमेजवळ इम्पॉर्टिन-बीटा हे प्रथिन जागीच तयार होते. डायनीन या वाहक प्रथिनाच्या आधाराने ते इजेचा संदेश केंद्रकापर्यंत नेते, आणि मग केंद्रक वाढीची जनुके चालू करते. जागच्या जागी प्रथिन बनले नाही, तर जखमेची बातमी पेशीकायेला वेळेत मिळत नाही. प्रथिननिर्मितीला वेग देणाऱ्या एमटॉर या विकराचा आरएनएही तंतूत असतो आणि इजेनंतर तिथेच अनुवादित होतो, म्हणजे त्यावरून प्रथिन बनते, हे याच गटाने २०१८ मध्ये मांडले.

मेंदू आणि मज्जारज्जूच्या बाबतीत कळीचा प्रयोग २००८ चा आहे. बॉस्टन येथील झिगांग हे (Zhigang He) आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दृष्टिपटलातील चेतापेशींतून पीटेन हे जनुक काढले. पीटेन एमटॉरला आवर घालते. तो आवर सुटताच चिरडलेल्या दृक्‌चेतेतील तंतू जखमेपलीकडे वाढले. रॅपामायसिन हे औषध देऊन एमटॉर रोखल्यावर ही वाढ थांबली. २०१० मध्ये मज्जारज्जूत उतरणाऱ्या मेंदूच्या तंतूंतही असेच घडल्याचे दिसले, आणि पुढे तर इजेला वर्ष उलटल्यावर पीटेन काढूनही उंदरांत तंतू वाढले. जुन्या दुखापतींच्या दृष्टीने हा निष्कर्ष मला सर्वांत मोलाचा वाटतो.

रुग्णांवर हा उपाय सरळ वापरता येत नाही. पीटेन हे अर्बुदांना (पेशींच्या अनियंत्रित वाढीच्या गाठींना) रोखणारे जनुक आहे, आणि ते निकामी झालेले अनेक कर्करोगांत आढळते. शिवाय वाढलेल्या तंतूला योग्य पेशीशी जोडणी करून मायेलिनचे, म्हणजे संदेश वेगाने जाऊ देणारे, आवरण मिळवावे लागते. त्याविना हालचाल परत येत नाही.